नोकरी सांभाळून अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशाची तयारी: संध्याकाळच्या वर्गांचा अनुभव

एका विमा कंपनीच्या संगणक विभागात सहा वर्षे काढल्यानंतर, वयाच्या 29व्या वर्षी, मी डॉक्टर व्हायचे ठरवले, तेव्हा नाशिकच्या आत्याने फोनवर एवढेच विचारले, "अगं, हे बारावीलाच का नाही सुचलं?" तिचा प्रश्न तिच्या जागी बरोबर होता. भारतात बारावी आणि नीट यांच्यानंतर ते दार जवळजवळ बंद होते. अमेरिकेत मात्र बहुतेक सर्वजण चार वर्षांची पदवी घेऊन मगच वैद्यकीय शाळेत जातात आणि ती पदवी कोणत्याही विषयाची चालते; अट असते ती काही ठरावीक विज्ञान विषय प्रयोगशाळेसह पूर्ण केलेले असण्याची. पदवी झाली आहे पण हे विषय झालेले नाहीत, अशांसाठी जो अभ्यासक्रम असतो त्याला इथे पोस्ट-बॅकॅलॉरिएट किंवा बोलताना नुसते 'पोस्टबॅक' म्हणतात.

पुढे वाचण्यापूर्वी आपल्या मंडळींनी एक गोष्ट तपासून घ्यावी. मी शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आले, माझी अभियांत्रिकीची पदवी इथलीच आहे आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड होते. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन नंतर इथे आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण अनेक वैद्यकीय शाळा अमेरिकेतील किंवा कॅनडातील पदवी, निदान तिथले बरेचसे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांनुसार मोजले जाणारे एकक) मागतात, आणि प्रवेश-अर्जाची जी मध्यवर्ती व्यवस्था आहे, ॲमकास, ती परदेशी गुण सरासरीत धरत नाही. शिवाय व्हिसावर असलेल्यांना प्रवेश देणाऱ्या शाळा थोड्याच आहेत. भारतात एमबीबीएस झालेल्यांचा मार्ग तर पूर्णपणे निराळा, परवाना-परीक्षा आणि रेसिडेन्सीचा, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणाचा आहे. त्यांना पोस्टबॅकची गरज नसते.

पोस्टबॅकचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. ब्रिन मॉर किंवा गाउचरसारख्या महाविद्यालयांतील अभ्यासक्रम दिवसा, पूर्णवेळ आणि साधारण वर्षभराचे असतात. तिथे मार्गदर्शक असतात, समितीचे एकत्रित शिफारसपत्र मिळते, पण नोकरी सोडावी लागते. दुसरा प्रकार संध्याकाळच्या वर्गांचा, जसे हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूल चालवते. घराचे हप्ते चालू असल्यामुळे माझ्यापुढे निवड अशी नव्हतीच, आणि मी आमच्या शहरातल्या एका विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग धरले. फीचा एक भाग कंपनीने दिला. अमेरिकी करकायद्यानुसार मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. ती सर्वच कंपन्या देतात असे नाही, पण मनुष्यबळ विभागाला न विचारता स्वतःच्या खिशातून फी भरणारे सहकारी मी पाहिले आहेत, म्हणून सांगते.

माझी मोठी चूक पहिल्याच सत्रात झाली. सामान्य रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, प्रत्येकी चार क्रेडिट, म्हणजे आठवड्याला चार संध्याकाळी, असा हिशेब करून मी दोन्ही विषय एकदम घेतले. हिशेबात व्याख्यानांचे तास होते. प्रयोगशाळेच्या आधीची टिपणे आणि नंतरचा अहवाल धरलेला नव्हता. प्रयोगशाळेत खाण्यास मनाई असल्यामुळे मी डबा जिन्यात बसून पाच मिनिटांत संपवत असे आणि सहा वाजता चष्मा चढवून ब्युरेटसमोर उभी राहत असे. एके रात्री अनुमापनात फिकट गुलाबी रंगाची वाट पाहता पाहता माझे लक्ष कार्यालयातून येणाऱ्या फोनच्या कंपनांकडे गेले, आणि पुन्हा पाहिले तोवर फ्लास्कमधले द्रावण गडद गुलाबी झाले होते, म्हणजे थेंब जास्त पडले होते. तो प्रयोग पहिल्यापासून करावा लागला आणि घरी पोहोचायला साडेअकरा झाले. सत्राच्या मध्यावर मी जीवशास्त्र सोडले, रसायनात सी प्लस मिळाला, आणि तो आजतागायत माझ्या गुणपत्रकावर आहे. विषय पुन्हा घेतला तरी ॲमकास दोन्ही वेळचे गुण सरासरीत धरते, त्यामुळे इथे पाटी पुसता येत नाही.

त्यानंतर मी पूर्णवेळ नोकरीबरोबर एका सत्रात प्रयोगशाळेचा एकच विषय घेतला, आणि फार तर त्याच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्रासारखा प्रयोगशाळा नसलेला एखादा. यामुळे दोन वर्षांचे काम चार वर्षे चालले, पण त्या चार वर्षांत पुन्हा कधी सी आला नाही. सरासरीचे गणित समजून घेतले की या संथपणाचे कारण कळते. पदवीच्या वेळी माझे 128 क्रेडिट 4 पैकी 3.1 सरासरीचे होते, त्यात 3.7 सरासरीचे नवे 40 क्रेडिट मिळवल्यावरही एकूण सरासरी जेमतेम 3.24 झाली. चार वर्षांच्या कष्टांनंतर ही एवढीशी हालचाल पाहून मी त्या रात्री नीट जेवलेही नाही. दिलासा दिला तो विज्ञानाच्या वेगळ्या सरासरीने, ज्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित एवढेच धरतात: तिथे जुने क्रेडिट 16च होते, 2.8चे, आणि नवे 36, त्यामुळे ती 3.42पर्यंत चढली. ज्यांची पदवी वाणिज्य किंवा संगणकाची आहे त्यांना हा फायदा अधिक होतो, कारण जुन्या विज्ञानाचे ओझे कमी असते.

एमकॅटबद्दल, म्हणजे वैद्यकीय शाळांच्या प्रवेश-परीक्षेबद्दल, फार लिहीत नाही, त्यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. परीक्षा चार विभागांची, गुण 472 ते 528, आणि मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तास परीक्षाकेंद्रात जातात. नोकरदारांना अडचण ज्ञानाची कमी आणि बैठकीची जास्त येते, असे माझे मत आहे. संध्याकाळी दीड-दोन तास तुकड्यातुकड्याने अभ्यास करण्याची सवय झालेल्या डोक्याला शनिवारी सकाळी आठ वाजता सुरू होऊन दुपारी संपणाऱ्या सराव-परीक्षा द्याव्याच लागतात. मी साठवलेली सारी रजा परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांसाठी वापरली; जैवरसायनशास्त्र आधीच्या सत्रात संपवून ठेवलेले होते, त्याचा उपयोग झाला.

रुग्णालयातील स्वयंसेवेसाठी मी रविवारची सकाळ ठेवली होती. काम साधे होते: उबदार कपाटातून ब्लँकेट आणून देणे, चाकाच्या खुर्च्या परत जागेवर नेणे. मुलाखतीत "आता इतक्या उशिरा का?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आला आणि उत्तर देताना मला त्याच रविवारांचा आधार होता. शिफारसपत्रे मात्र वेळच्या वेळी मागावीत. संध्याकाळचे प्राध्यापक अनेकदा कंत्राटी असतात आणि दोन वर्षांनी त्यांचा विद्यापीठाचा ईमेलही बंद झालेला असतो. माझे सेंद्रिय रसायनाचे पत्र केवळ सत्र संपताच मागितल्यामुळे हाती आले.

अर्ज जूनच्या आरंभी भरला तरी वर्ग सुरू होतात ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे मध्ये चौदा महिने जातात. या काळात नोकरी सोडू नये, कारण आरोग्यविमा बहुधा तिच्याशीच बांधलेला असतो आणि मुलाखतींच्या प्रवासाचा किंवा निदान रजेचा खर्च असतोच. साहेबांना मी प्रवेशाचे पत्र आल्यानंतरच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दर मंगळवारी साडेपाचला तू जिमला जात नव्हतीस?"