धंद्यासाठी पैसे साठवताय? आधी दिवस मोजा

रोजचा पन्नास रुपयांचा चहा-वडापाव सोडला की वर्षाला १८,२५० रुपये साठतात, असा हिशेब सांगणारा कोणी भेटला की मी त्याला भांडुप स्टेशनबाहेरच्या एखाद्या गाळ्याची अनामत विचारून यायला सांगते. मी आजवर तीनदा धंद्यासाठी पैसे साठवलेत. पहिल्यांदा पोळी-भाजी केंद्रासाठी, जे दीड वर्षात बंद पडलं. दुसऱ्यांदा तेच पुन्हा उभं करायला. तिसऱ्यांदा धाकट्या जावेच्या ब्लाउज शिवायच्या दुकानासाठी. चहा तिन्ही वेळा चालू होता.

यशस्वी उद्योजकांच्या गोष्टीही मी खूप वाचल्या. त्यांतली जिद्द आणि स्वप्नं मी वरवर चाळते. पेन्सिल घेऊन शोधते ते आकडे: हातात किती होते, कुठून आणले आणि माल विकल्यावर पैसे कधी आले. हा शेवटचा आकडा सहसा कोणी लिहीत नाही. माझं पहिलं केंद्र त्याच आकड्यानं बुडवलं, म्हणून या लेखात त्याच्यावर जास्त बोलणार आहे. बाकीचं पटापट उरकते.

१. खातं वेगळं, आणि जरा गैरसोयीचं

धंद्याचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा, शक्यतो घरापासून लांबच्या शाखेत. एटीएम कार्ड घेऊ नका, फोनवर जोडू नका. माझं खातं परळला, माहेराजवळ आहे. पैसे काढायला गेलं की आईकडे जेवावं लागतं आणि कशाला काढलेस त्याचं उत्तर द्यावं लागतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता आपोआप कापला जाईल असं करा. ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतो, म्हणून त्यापुढची रक्कम दुसऱ्या बँकेत.

भिशी हौसेला लावा, धंद्याच्या पैशांना नको. आमच्या चाळीतली भिशी बारा वर्षं घड्याळासारखी चालली. तेराव्या वर्षी पहिला नंबर उचललेल्या बाई खोली बदलून गेल्या, त्या गेल्याच.

२. नोकरी इतक्यात सोडू नका

‘उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी कमावत असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हाच इथून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवत होते. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा बेळगावात पाय टेकायला जागा तयार होती. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू केली तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या आणि गाठीशी इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधली बरीच वर्षं होती. निरमाचे करसनभाई पटेल सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार पावडर विकायचे.

३. खर्चाची यादी

अनामत, दलाली, भांडी, शेगडी, फ्रीज, पाटी, परवाने. ही यादी कुणालाही जमते, करून टाका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार.

४. पैसा किती दिवसांनी परत येतो

आता मुद्द्याचं. बहुतेक माणसं वरच्या यादीची बेरीज करतात, तेवढे साठले की नारळ फोडतात. मीही तेच केलं. माझ्याकडे ३ लाख १० हजार होते. अनामत आणि दलालीत दीड लाख गेले, भांडी, शेगडी, फ्रीज, रंगकामात ९० हजार. उरलेले ७० हजार मला भरपूर वाटले, कारण पोळ्या रोख विकल्या जात होत्या. संध्याकाळी लोकल रिकामी झाली की काउंटरवर रांग लागायची, रात्री गल्ला मोजायचा, सकाळी त्याच पैशांनी कणीक आणि भाजी. दोन महिने मजेत गेले.

तिसऱ्या महिन्यात अंधेरीच्या एका ऑफिसची ऑर्डर आली. रोज ६० डबे, डब्याला ९० रुपये. मी पेढे वाटले. डबा मला ६५ रुपयांना पडत होता, म्हणजे कागदावर डब्यामागे २५ रुपये सुटत होते. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “पैसे कधी देणार ते विचारलंस का?” मी म्हटलं, “आई, मोठं ऑफिस आहे, बुडवणार आहेत का?” त्यांनी बुडवले नाहीतच. दिले, पण त्यांच्या वेळेला.

महिनाभर डबे द्यायचे, महिनाअखेर बिल लावायचं, बिलानंतर ४५ दिवसांनी पैसे. म्हणजे पहिल्या दिवशीच्या डब्याचे पैसे पंचाहत्तराव्या दिवशी. महिन्याला २५ दिवस कामाचे धरले तर तेवढ्यात साधारण ६२ दिवस डबे जातात. ६० डबे गुणिले ६५ रुपये म्हणजे रोजचे ३,९००. गुणिले ६२ म्हणजे २,४१,८००. पहिला रुपया दिसायच्या आत एवढे पैसे माझ्या खिशातून जाणार होते आणि खिशात होते ७० हजार. हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही येतो. मी तो ऑर्डर घेतल्यानंतर दीड महिन्यानं केला, वाण्यानं “वहिनी, मागचं थोडं क्लिअर करा ना” म्हटल्यावर.

मग रोज दुपारी फोन. “ताई, बिल प्रोसेसला टाकलंय.” “साहेब सहीला नाहीत, दौऱ्यावर आहेत.” गॅसचा निळा सिलिंडर रोखीनं येतो, पोळ्या लाटणाऱ्या बायकांना शनिवारी पगार द्यावाच लागतो. दोन बांगड्या गहाण टाकल्या. पहिला चेक ८३व्या दिवशी आला, तोही १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून. तोवर काउंटरचा रोजचा गल्लाही मी डब्यांत ओतत होते. काउंटरची भाजी पातळ झाली आणि संध्याकाळची रांग पुढच्या केंद्राकडे वळली. दीड वर्षानं शटर ओढलं त्या दिवशी ऑफिसांकडून माझं एक लाख बावीस हजार येणं बाकी होतं. वहीत मी नफ्यात होते.

तेव्हापासून मी दिवसांचा हिशेब आधी करते. वहीत चार ओळी लिहा. माल विकत घेतल्यापासून विकेपर्यंत किती दिवस. विकल्यापासून बिल होईपर्यंत किती. बिलापासून पैसे हातात येईपर्यंत किती. आणि वाणी, कापडवाला, जो कोणी असेल तो तुम्हाला किती दिवस उधार देतो. पहिल्या तिन्हींची बेरीज, त्यातून चौथी वजा. चौथ्या ओळीत नवख्यानं शून्यच लिहावं. नव्या माणसाकडे सगळे उधार मागतात, त्याला देत मात्र कोणी नाही. आलेल्या दिवसांना रोजच्या खर्चानं गुणा. हे तुमचं खेळतं भांडवल. यादीच्या बेरजेपेक्षा ते जास्त निघालं तर घाबरू नका, बहुतेक वेळा निघतंच.

तिसऱ्या ओळीसाठी धंदा सुरू व्हायच्या आधीच चार जणांना भेटा. तुम्हाला ज्यांना माल विकायचाय त्यांना आज माल देणारे, म्हणजे त्यांचा दूधवाला, झेरॉक्सवाला, पाण्याच्या बाटल्या टाकणारा. ऑफिसचा साहेब ‘तीस दिवस’ सांगेल. बाटलीवाला खरा आकडा सांगेल.

आता उद्योजकांच्या त्याच गोष्टी या वहीत घालून बघा. लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, इमारतीची गच्ची, उसने आणलेले ८० रुपये. ऐकणारा म्हणतो, बघा, भांडवल लागतच नाही. मला त्यात दुसरं दिसतं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे गेली. पीठ मळलं, लाटलं, वाळवलं, विकलं, की पुन्हा पीठ. असं चार दिवसांत फिरणारं चाक ८० रुपयांत फिरू शकतं. तेच तीन महिन्यांनी फिरणार असतं तर आठशेही पुरले नसते. करसनभाईंचंही तेच: दारात पावडर, दारात पैसे.

उलट टोकाला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! मालात खोट नव्हती, तरी. त्यांच्याकडे दुसरी कामं होती म्हणून ते तगले. तुमचा माल नवीन असेल, लोकांना समजावून विकावा लागणार असेल, तर पहिल्या ओळीत तुम्हाला वाटतो त्याच्या तिप्पट आकडा लिहा.

अजून एक, मुंबईकरांसाठी. लिज्जतच्या बायकांना पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि खाटेवर पापड वाळवले. तुमच्या धंद्याचे असे मेलेले महिने कोणते ते शोधा. माझा मे महिना मेलेला असतो, अर्धी मुंबई गावाला जाते. त्या दिवसांचं भाडं आणि पगार भांडवलात धरा. घरचा चार महिन्यांचा खर्च त्याहून वेगळा, परळच्या खात्यातसुद्धा वेगळ्या नावानं.

कायद्याचं विचाराल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा, ऑफिसचे अकाउंटवाले तो बघतात. पण या भरवशावर भांडवल कमी धरू नका. साठ डब्यांचं एकच गिऱ्हाईक असताना त्याला कायदा दाखवायला जीभ उचलत नाही.

५. कर्ज

स्वतःचे पैसे साठल्यावर कर्ज घ्या, साठण्याऐवजी नको. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेत तीन गट आहेत: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या १० टक्के स्वतःचे घालावे लागतात, महिला आणि इतर विशेष गटांना ५ टक्के. त्यातलं अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावानं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. अनुदान आलं की मसाला भरू म्हणणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

६. पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलणं

दुसऱ्यांदा केंद्र काढलं तेव्हा पुन्हा एका ऑफिसनं ५० डबे मागितले, महिन्याच्या बिलावर. मी म्हटलं, “साहेब, वीस देते. शुक्रवारी बिल, शनिवारी पैसे.” ते हसले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, वीसच द्या म्हणून. त्या वीसचे पुढे पस्तीस झाले. माझ्या खेळत्या पैशांत पस्तीसच बसतात.

जावेच्या दुकानाचे पैसे साठवताना वहीतल्या ओळी तिनंच भरल्या. अस्तर, हुक, धागा रोखीनं, शिवायला चार दिवस आणि बायका शिवलेला ब्लाउज लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत न्यायला येत नाहीत. बेरीज करून ती माझ्याकडे बघत बसली. मग गाळ्यात पाटी लागली: ‘अर्धे पैसे माप देतानाच’. पहिल्या आठवड्यात दोघीजणी पाटी वाचून परत फिरल्या. तिसरीनं चार ब्लाउजचे अर्धे पैसे मोजून दिले आणि अस्तर कॉटनचंच लावणार ना, एवढंच विचारलं.