प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू घरातील माणसे आणि पाळीव प्राणी यांच्यात पसरू नयेत यासाठी काय करावे?

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते आणि याच दिवसांत कुत्र्यांच्या कानांची व त्वचेची दुखणी वाढतात. कुत्रा मान झटकू लागला आणि कानाला वास येऊ लागला, की कपाटात उरलेली कोणाची तरी प्रतिजैविकाची गोळी भाकरीच्या तुकड्यातून देण्याचा मोह होतो. तो टाळणे ही पहिली पायरी आहे.

माणसाला दिले जाणारे ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण कुत्र्यामांजरांनाही देतात, तर प्राण्यांसाठीच्या एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा काही भाग शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन या माणसांच्या प्रतिजैविकामध्ये बदलतो. म्हणजे पाकिटावरचे नाव वेगळे असले, तरी जिवाणूंना तालीम त्याच औषधांविरुद्ध मिळते. शिवाय एका जिवाणूने मिळवलेली ही ताकद त्याच्यापुरती राहत नाही. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून ती दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते. म्हणूनच कुत्र्याच्या आतड्यातील ई. कोलाय नावाचा निरुपद्रवी जिवाणू मालकाला आजारी न पाडताही त्याच्या आतड्यातील जिवाणूंना हा वारसा देऊ शकतो. माणसाकडून प्राण्याकडेही हाच प्रवास होतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर पशुवैद्यकांकडे जाऊन दुखण्याचे कारण नक्की करून घ्यावे. कानाचे दुखणे पुष्कळदा यीस्ट या सूक्ष्म बुरशीमुळे असते आणि यीस्टवर प्रतिजैविक चालत नाही. कानातील मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हे बहुधा तिथल्या तिथे कळते. दुखणे वारंवार उलटत असेल, तर ‘कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी’ चाचणीविषयी, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यांवर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या चाचणीविषयी, आपणहून विचारावे. शक्यतो नमुना औषध सुरू करण्याआधी द्यावा, आधीच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागले, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने थांबावे. चाचणीचा खर्च अनेकांना खटकतो, परंतु अंदाजाने एकामागून एक औषधे बदलण्यापेक्षा तो योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषध ठरले, की मात्रा आणि दिवस यांत स्वतःहून बदल करू नये. पाकिटावर लाल उभी रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ही खूण लोकांना कळावी म्हणून 2016 मध्ये केंद्र सरकारने मोहीम हाती घेतली होती.

मटणाच्या या गावात कुत्र्यालाही मटणाचा वाटा मिळतो, तो मात्र शिजवूनच द्यावा. कच्च्या मांसावर असे जिवाणू असू शकतात आणि फ्रीजमध्ये गोठवल्याने ते हमखास मरत नाहीत. प्राण्याचे ताट वेगळे घासावे, त्याची घाण उचलल्यावर किंवा जखमेला औषध लावल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवावेत आणि आपल्या उघड्या जखमा त्याला चाटू देऊ नयेत. रंकाळ्यावर फिरायला नेताना पिशवी जवळ ठेवावी, कारण रस्त्यावरची विष्ठा पावसाबरोबर गटारात आणि तिथून नाल्यांवाटे पंचगंगेत जाते.

घरात कोणी मधुमेही असेल, कर्करोगाचे उपचार घेत असेल किंवा नुकतेच रुग्णालयातून घरी आले असेल, तर प्राण्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. मात्र घरात प्राणी आहे आणि त्याला अलीकडे कोणते प्रतिजैविक दिले गेले, हे डॉक्टरांना सांगावे, आणि घरातील कोणाला असा चिवट संसर्ग झाला असेल, तर ते पशुवैद्यकांनाही सांगावे.