गोचिडांचा सीझन ओळखायचाय? तापमानासोबत दिवसाचे तासही मोजा

घरी कुत्रा किंवा गुरं असतील तर गोचीड कधी येणार हे नुसत्या गरमीवरून ठरवू नका. हवा फसवते हो, ऐन थंडीत चार दिवस ऊन पडतं आणि परत गारठा येतो, पण दिवस किती तासांचा हे दरवर्षी त्या तारखेला तेवढंच असतं आणि बऱ्याच जातींचे गोचीड ह्याच हिशोबाने चालतात.

आधी एक फरक लक्षात घ्या. थंडीने नुसता आखडलेला गोचीड ऊब मिळाली की लगेच हलायला लागतो, डायपॉजमधला, म्हणजे दिवसाच्या लांबीच्या इशाऱ्याने आधीच थांबलेला, मात्र हलत नाही, त्याचं आतूनच सगळं थांबलेलं असतं. उपाशी असेल तर गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून जनावराची वाट बघायचं सोडून देतो आणि खाली पालापाचोळ्यात पडून राहतो. रक्त पिऊन गळून पडलेला असेल तर कात टाकणंच लांबवतो. युरोपातल्या इक्सोडिस रिसिनस ह्या गोचिडाची लार्वा, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, उन्हाळ्याच्या सुरुवातीला रक्त प्यायली तर त्याच मोसमात कात टाकून निंफ, म्हणजे पुढची अवस्था, होऊ शकते, पण दिवस लहान होत असताना प्यायली की तशीच फुगलेली, खसखशीच्या दाण्याएवढी, पुढच्या वर्षीपर्यंत बसून राहते. आणि ह्या जातीला डोळेच नसतात, तरी उजेड कळतो! मला हे अजूनही थक्क करतं.

आता करायचं काय, तर एक वही घ्या, दर आठवड्याला सूर्योदय-सूर्यास्त बघून दिवसाचे तास लिहा, दिवस वाढतायत की कमी होतायत तेही लिहा, कारण काही जातींना तेही कळतं, आणि शेजारी तापमान. मग मीटरभर पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून कोरड्या गवतावरून हळू ओढायचं, दर दहा-पंधरा पावलांना उलटून चिकटलेले गोचीड बघायचे. सहा पाय दिसले तर लार्वा, आठ असतील तर निंफ किंवा मोठा. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा. दोनेक वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्याकडचा पॅटर्न दिसायला लागतो.

पण लहान दिवस म्हणजे सगळे झोपले असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या इक्सोडिस स्कॅप्युलारिसचे मोठे गोचीड शरदात आणि थंडीतल्या उबदार दिवशीही फिरतात, डर्मासेंटर अल्बिपिक्टसचं तर उलटंच, त्याच्या लार्वा उन्हाळाभर गप्प राहून शरदात वर चढतात. घरात राहणारा तपकिरी कुत्रा-गोचीड ऊब असेल तर वर्षभर वाढतो. विषुववृत्ताजवळ दिवस फारसा बदलतच नाही, तिथे पाऊस आणि दमटपणा बघा.

आणि कापड कोरं आलं म्हणून जनावराची तपासणी थांबवू नका, पोट भरून पाचोळ्यात पडलेली लार्वा कापडाला चिकटतच नाही, ती निंफ होऊन वर येईल तेव्हाच दिसेल.