शर्यतीचे घोडे रंगवायचे असतील तर

घोड्यांच्या शर्यतीचे चित्र रंगवू इच्छिणाऱ्या चित्रकाराने आरंभीचे काही आठवडे प्रत्यक्ष शर्यतीच्या नादी लागू नये, कारण १२०० मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत आटोपते आणि तेवढ्यात वहीत काहीच उतरत नाही. सुरुवात पुण्याच्या पावसाळी हंगामापासून करावी. ढगाळ उजेडात गडद सावल्या पडत नसल्याने घोड्याच्या अंगाची गोलाई नीट वाचता येते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचे हिवाळी ऊन त्यानंतर हाताळावे.

रीतसर परवानगी काढून पहाटेच्या सरावाला जावे. धावून आलेल्या घोड्याला सईस सावकाश फिरवतात, अंघोळ घालतात, खरारा करतात, आणि रेखाटनासाठी हाच काळ सर्वांत मोलाचा असतो. लगाम घासून मानेवर आलेला पांढरा फेस, त्वचेखाली तटतटलेल्या शिरा आणि आवाजाच्या दिशेने वळणारे कान येथे हातभर अंतरावरून दिसतात. मात्र घोड्याच्या मागे उभे राहू नये आणि फ्लॅश तर मुळीच वापरू नये.

पायांचा अभ्यास वेगळा करावा. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखे असते. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा समजतो, तो रचनेने मनगट असतो आणि मागच्या पायाचा उंच कोपरा म्हणजे टाच. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी चित्रे सुधारतात.

फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेल्या, इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी शर्यतीच्या चित्रातले घोडे चारही पाय पुढेमागे ताणून हवेत तरंगतात. छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ मधील छायाचित्रांनी दाखवून दिले की दौडीत चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. तरीही जेरिकोच्या चित्रातला वेग खोटा वाटत नाही, हे विसरू नये. छायाचित्र पायांची शंका फेडण्यापुरतेच वापरावे. त्यावरून जसेच्या तसे रंगवलेले घोडे बहुधा थिजलेले दिसतात.

मग पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याशी उभे राहून जॉकी चढतानाची रेखाटने करावीत आणि कॅनव्हासवर आधी घोळक्याचा एकच गडद आकार मांडावा. जॉकींच्या भडक सदऱ्यांचे रंग अगदी शेवटी, मोजकेच लावावेत, अन्यथा नजर घोड्यांवर ठरत नाही.