व्हर्जिनियातला वसाहतकालीन पूर्वज शोधताय? जमिनीच्या कागदांत या चुका टाळा

पहिली चूक लँड पेटंट (सरकारने जमीन पहिल्यांदा कुणाच्या नावे केल्याचा दस्त) उघडल्या उघडल्या होते: पेटंटची तारीख हीच माणूस बोटीतून उतरल्याची तारीख धरून वंशावळीत वर्ष टाकलं जातं. १६१८ पासून तिथे ‘हेडराइट’ पद्धत होती. एका माणसाच्या प्रवासाचा खर्च जो उचलेल, त्याला डोईमागे ५० एकर. हा हक्क विकता येई, काही वर्षं तसाच ठेवताही येई. त्यामुळे ज्यांच्या प्रवासावर हक्क लावला, ती पेटंटमधल्या यादीतली माणसं बरीच आधी आलेली असू शकतात आणि जमीन घेणाऱ्याशी त्यांची ओळखही नसू शकते. एकच नाव दोन पेटंटांत दिसलं, तर लगेच दोन माणसं मानू नका. एकाच प्रवाशावर दोघांनी हक्क लावल्याचे प्रकार भरपूर आहेत.

१८व्या शतकातल्या खरेदीत ‘लीज अँड रिलीज’ हमखास फसवतं. पहिल्या दिवशीच्या दस्तात पाच शिलिंगांवर वर्षभराचा भाडेपट्टा, आणि भाडं काय, तर मिरीचा एक दाणा! तेवढाच कागद उतरवून घेणारे पूर्वजाला कूळ ठरवून मोकळे होतात. खरी विक्री दुसऱ्या दिवशीच्या दस्तात असते, किंमतही तिथेच. ही निव्वळ वकिली युक्ती होती, म्हणून नोंदवहीचं पुढचं पान उलटल्याशिवाय थांबू नका.

सर्वांत महागात पडते ती वारसाची चूक. मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही, म्हणून तो मेला किंवा बापाने त्याला तोडलं, असा निष्कर्ष काढला जातो. पण १७८५ मध्ये कायदा बदलेपर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई, विधवेला हयातीपुरता तिसरा हिस्सा. मृत्युपत्र असलं तरी थोरल्याला आधीच जमीन दिलेली असे किंवा नावापुरता एक शिलिंग. शिवाय तिथे आपल्यासारखा फेरफार नव्हता. थोरल्याला वारसाने जमीन मिळाली की बहुधा कागदच होत नसे. मालमत्तेच्या यादीत गुरं, भांडी, गुलाम केलेली माणसं सापडतील, जमीन नाही. तेव्हा बापाच्या मृत्यूनंतरची तीसेक वर्षं विक्रेत्यांची सूची चाळा. मुलगा जमीन विकतो तेव्हा ती त्याच्याकडे कशी आली, हे दस्तात बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने वाचू नका. ‘कझन’ पुतण्या किंवा भाचा असू शकतो, ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगा. ‘ज्युनियर’ म्हणजे गावातला त्याच नावाचा धाकटा माणूस, मुलगाच असं नाही.

२० नोव्हेंबर १७३१ चं मृत्युपत्र १४ फेब्रुवारी १७३१ ला कोर्टात सिद्ध झालेलं दिसलं, तर कारकुनाला दोष देऊ नका. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. अशी तारीख १७३१/३२ अशी लिहा.

कुटुंब जागचं न हलताही काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बदलते. ऑगस्टा काउंटी १७३८ मध्ये ऑरेंजमधून निघाली, पण कारभार १७४५ मध्ये सुरू झाला. मधले दस्त ऑरेंजमध्ये शोधा. हॅनोव्हर काउंटीचे बरेच कागद १८६५ च्या रिचमंडच्या आगीत गेले. तिथे पेटंट आणि शेजारच्या काउंट्यांचे दस्त हाच आधार.

जमिनीचा नकाशा काढताना एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. आकृतीची सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, तर बहुधा नक्कल करताना एखादी बाजू गळलेली असते. शेजाऱ्याचं पेटंट काढा. सामाईक हद्द तिथे उलट दिशेने सापडते.