समुद्री मासे घरी आणताय? या चुका टाळा

दर रविवारी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "मासा काही खात नाहीये हो, काय करू?" कुठला आणला विचारलं की उत्तर ठरलेलं: मँडरिन, कॉपरबँड बटरफ्लाय, नाहीतर मूरिश आयडल. पाणी तपासलेलं असतं, दिवे महागातले असतात. हा मासा समुद्रात काय खातो, एवढंच कुणी विचारलेलं नसतं.

मँडरिनचं सविस्तर सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, बघताक्षणी जीव जडतो. माझी टाकी शंभर लिटरची आणि जेमतेम तीन महिन्यांची होती. दुकानदार म्हणाला, "दादा, सगळं खातो, बिनधास्त न्या." खरं तर हा मासा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, टिपत फिरतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव नव्या टाकीत असतातच किती? असतील तेवढे त्याने दोन-तीन आठवड्यांत संपवले. पेलेटकडे, म्हणजे माशांच्या सुक्या खाण्याच्या दाण्यांकडे, ढुंकून बघेना. फ्रोझन आर्टेमिया (माशांना देतात ती बारीक कोळंबी) पिपेटने तोंडाशी नेला, तर घेतला आणि थुंकला. तरी मी निश्चिंत, कारण तो खडकावर टोचा मारत हिंडताना दिसायचा. एका रात्री वरून टॉर्च मारला तेव्हा कळलं. डोकं रुंद, मागचं अंग काडीसारखं, दोन्ही कुशींना खळगे. नवव्या आठवड्यात गेला. रंग शेवटच्या दिवसापर्यंत झळझळीत होता. म्हणून सांगतो, रंगावरून तब्येत ओळखू नका, पोट बघा.

तेव्हापासून दुकानात मासा माझ्यासमोर खाताना दिसल्याशिवाय मी खिशात हात घालत नाही. आज खाल्लं नाही तर पुढच्या आठवड्यात परत जातो. तोवर विकला गेला तर गेला. मँडरिन हवाच असेल तर भरपूर खडक असलेली, निदान वर्षभर मुरलेली मोठी टाकी आधी करा.

मूरिश आयडल घरी आणूच नका. त्याचा मुख्य आहार समुद्रातले स्पंज, ते तुम्ही कुठून आणणार? क्लीनर रास हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरातल्या चार माशांवर त्याचं पोट भरत नाही. समुद्री घोड्याला तर 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी गुपचूप देऊ केला तरी हात लावू नका.

दुसरी चूक घाईची. टाकी शनिवारी भरली आणि मासे पुढच्या शनिवारी. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जिवाणूंनी थोडी मदत होते, पण त्यांच्या भरवशावर आठव्या दिवशी मासा सोडणं मला अजिबात पटत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरही मी एक आठवडा थांबतो. ज्याला तेवढा धीर नाही त्याने मरीन टँक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीतलं पाणी वाफ होऊन उडालं की आरओचं गोडं पाणी घाला. मीठ मागेच राहतं, त्यामुळे खारं पाणी घातलंत तर खारटपणा वाढत जाईल. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध त्याच टाकीत द्या, मुख्य टाकीत दिलंत तर कोळंब्या आणि गोगलगायी मरतील. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

पहिला मासा म्हणून क्लाउनफिश घ्या, आणि तोही हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरीही आहे. ही पिल्लं पहिल्यापासून टाकीतलंच खाणं खातात. माझ्याकडची जोडी सहा वर्षांची आहे. सकाळी डबा हातात घेतला की दोघं काचेला येऊन भिडतात, आणि पेलेट बुडायच्या आत संपलेल्या असतात.