‘निद्राकारक’ शब्दाचे मूळ कसे शोधावे

प्रथम शब्दाची फोड करावी. ‘निद्रा’ हा शब्द ‘नि’ उपसर्ग लागलेल्या ‘द्रा’ म्हणजे झोपणे या संस्कृत धातूपासून, तर ‘कारक’ हा ‘कृ’ धातूपासून झाला असल्याने झोप आणणारा पदार्थ हा अर्थ सरळ हाती येतो. पुढे कोश पाहावेत. ठाणेकरांना १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय जवळ आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावरही चाळता येते.

खरी सावधगिरी हवी ती पदार्थांच्या नावांत. अफूचे संस्कृत नाव ‘अहिफेन’ म्हणजे सापाचा फेस, ही फोड मोहक असली तरी मुळाशी ग्रीक ‘ओपिऑन’ असून तो अरबी ‘अफ्यून’च्या वाटेने इकडे आला व नंतर संस्कृत पेहराव ल्याला. केवळ उच्चारसाम्यावर म्हणूनच विसंबू नये. उलट लॅटिन ‘सोपोर’ आणि ग्रीक ‘हिप्नोस’ हे झोपेचे शब्द कानाला परके वाटले, तरी आपल्या ‘स्वप्न’मधील ‘स्वप्’ धातूचे ते सख्खे नातलग आहेत.

लिहिताना ‘गुंगीकारक’ हा पर्याय सरसकट वापरू नये; गुंगीत माणूस जागाही असू शकतो.